सायखेड्याचा कांदा आणि ‘गठ्ठा मते’

निवडणुका आल्या की ‘गठ्ठा मते’ हा शब्द कानी पडतो. जणू शेतकरी अथवा अल्पसंख्य म्हणजे दोरीने बांधलेली मोळीच! आम्हांस हे पटत नाही. सायखेड्याचेच पाहा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात रोखली. 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण 40 टक्के शुल्क राहिले, आणि 20 मे रोजी मतदान होते. सायखेडा ज्यात येते त्या दिंडोरी मतदारसंघात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार पराभूत होऊन भास्कर भगरे निवडून आले.

मग कांदा उत्पादक कायमचे विरोधात गेले काय? सप्टेंबरात शुल्क निम्मे झाले, ‘लाडकी बहीण’चे पैसे घरोघरी आले, नोव्हेंबरात निफाडने महायुतीचे दिलीपराव बनकर यांनाच आमदार केले. राज्यातील मतदानही सुमारे 61 टक्क्यांवरून 66 वर गेले.

त्याच महिन्यात अमेरिकेतील लॅटिनो मतदारांविषयीचा, ज्यांत आपले कॅथलिक बांधव मोठ्या संख्येने आहेत, असाच समज ढळला. मतदानोत्तर चाचण्यांनुसार ट्रम्प यांना 2020 मध्ये त्यांची 32 टक्के मते होती, 2024 मध्ये 46. महागाईची झळ तेथेही होतीच.

सायखेड्याच्या कांद्यावरील उरलेले 20 टक्के शुल्क मात्र 1 एप्रिल 2025 रोजी उठले. मतमोजणी होऊन तेव्हा चार महिने लोटले होते.