मांडणी बदलली की अर्थ बदलतो

एखाद्या कंपनीने आपले संकेतस्थळ नव्याने रचले की वापरणारे चिडतात, आणि त्या चिडण्याची थट्टा करणारेही लगोलग पुढे येतात. ‘लोकांना बदल नकोच असतो, होईल सवय,’ हे त्यांचे ठरलेले उत्तर. निदान साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी ते मान्य करू नये.

५ सप्टेंबर २००६ रोजी फेसबुकने ‘न्यूज फीड’ सुरू केले. तोवर मित्राची खबरबात घ्यायची तर त्याच्या पानावर जावे लागे. आता प्रत्येकाच्या हालचाली एकत्र होऊन सर्व मित्रांपुढे आपोआप येऊन पडू लागल्या. काही दिवसांतच लाखो सदस्य विरोधी गटात सामील झाले. पूर्वी ज्याला जे दिसत होते त्याहून अधिक काहीच उघड केलेले नाही, असा कंपनीचा बचाव होता. तो बिनतोड वाटतो. वस्तुतः तो वाचनव्यवहाराविषयीचे अज्ञान दाखवतो. प्रसंग तेच, शब्द तेच, केवळ क्रम बदलला तरी कथा वेगळी होते, हे आपण पहिल्याच वर्षी वर्गात शिकवतो. विखुरलेली माहिती एका यादीत आली की ओळखीची पाळत होते. सदस्यांची तक्रार रंगरूपाविरुद्ध नव्हती, या अर्थांतराविरुद्ध होती. तीन दिवसांत मार्क झुकरबर्ग यांनी चूक कबूल करून गोपनीयतेची काही नियंत्रणे दिली. फीड मात्र राहिले. गंमत अशी की, विरोधी गटाची वार्ताही फीडमधूनच पसरली, आणि कंपनीला ती फीडच्या यशाची खूण वाटली. प्रतिकूल परीक्षण लिहिणाऱ्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचले, म्हणून त्याला चाहता ठरवावे, तसाच हा न्याय!

बरे, सवय नेहमी होते हेही खरे नाही. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने नवे रूप आणले. नको ती बातमी खाली ढकलण्याची सदस्यांची सोय गेली, आणि प्रकाशकांना मात्र आपले लेख आपोआप घालण्याची मुभा मिळाली. सदस्यांनी मुखपृष्ठ रेडिट या प्रतिस्पर्धी संस्थळाच्या दुव्यांनी भरून टाकले, आणि अनेकजण तिकडेच निघून गेले. २०१२ साली डिग विकले गेले.

मुळात प्रश्न सवयीचा नाहीच. पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली तरी जुनी प्रत आपल्या कपाटात राहते. चिकित्सक आवृत्तीत तर नाकारलेले पाठभेदही तळटिपांत जपले जातात. संकेतस्थळाचा जुना पाठ मात्र एका रात्रीत वाचकाच्या हातून काढून घेतला जातो. हे अटळ आहे, असेही नाही. रेडिटने २०१८ साली पुनर्रचना केली, तेव्हा जुनी मांडणी वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवली. म्हणजे प्रश्न तंत्राचा नसून वाचकाला मान देण्याचा आहे. तो मान नाकारला जातो तिथे वाचकाने चिडावे, आणि आपण त्या चिडण्याला समीक्षा म्हणावे.