कंस गाळू नका

मागच्या महिन्यात आपल्या मंडळात तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं वाचन झालं. बेणारेबाई माझ्या वाट्याला आल्या होत्या. वेळ कमी होता, म्हणून कंसातल्या रंगसूचना गाळायचं ठरलं. मीही मान डोलावली. वाचन संपल्यावर पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, “बाई एवढं ऐकून का घेतात गं? सरळ निघून का नाही जात?”

मी गप्पच झाले. बेणारे निघते ना! कडी काढते, दार ओढते, पण ते बाहेरून बंद झालेलं असतं. संवादात याचा उल्लेख आहे, पण तो कानावरून गेला. कारण तिची ती धडपड आम्ही वाचलीच नव्हती. नाटकाच्या सुरुवातीला याच दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं. आपण ते हसून सोडून देतो. नाटककार मात्र सापळा तेव्हाच लावून ठेवतो.

इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’मध्येही (१८७९) हेच दिसतं. नोरा गुपचूप मॅकरून खाते, नवऱ्याच्या दाराशी कानोसा घेते, पुडी खिशात लपवून तोंड पुसते. नवरा खोलीबाहेर यायच्या आतच हा संसार कसा आहे ते आपल्याला कळतं. पुढे ते पत्र पेटीत पडतं, पेटीची किल्ली नवऱ्याकडे, आणि आपला जीव टांगणीला! शेवटी खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. नोराचं दार बंद होतं तेव्हा ती सुटते. बेणारेचं बंद होतं तेव्हा ती अडकते. दोन्ही नाटकं दाराशीच कळतात.

काहीजण म्हणतात, रंगसूचना हे दिग्दर्शकाचं काम. दिग्दर्शक त्या बदलू शकतो, मान्य. पण बदलायच्या तर आधी वाचायला नकोत का?

आमच्याकडे गुड फ्रायडेला येशूच्या दुःखसहनाचं वाचन होतं. त्याच्या मृत्यूच्या ओळीपाशी सगळे गुडघे टेकून काही क्षण शांत राहतात. पुस्तकात ती सूचना लाल अक्षरांत असते. फादर ती मोठ्यानं वाचत नाहीत, पाळतात. ती शांतता गाळली तर नुसती गोष्ट उरेल.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वाचनात रंगसूचनांसाठी एक वेगळा आवाज ठेवूया. बेणारे दुसऱ्या कुणाला द्या. कंस मी वाचते.