वायफाय लागत नाही? लगेच फॉरमॅट नको!

नारायणगाव-मंचरहून लॅपटॉप घेऊन येणारे आल्याआल्याच म्हणतात, "सर, फॉरमॅट मारा." माझं स्पष्ट मत, आधी थांबा. त्याच वायफायवर मोबाईलला नेट चालतंय का बघा. चालत असेल तर अडचण बहुतेक लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये असते. एअरप्लेन मोड बंद करा, नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा टाका. बऱ्याच जुन्या लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही, २.४ ला जोडा. जुन्नरच्या वाड्यांच्या जाड भिंतींतूनही २.४ च जास्त आत पोचतं. फॉरमॅटमध्ये टॅलीचा डेटा गेला, तर २० तारखेचं जीएसटी रिटर्न कशावरून भरणार? आम्हा दुकानदारांनीही बिल फाडण्याआधी ही पाच मिनिटं द्यावीत. गिऱ्हाईक त्यानेच टिकतं.