जुना डिझेल कॅम्पर अडवतात, ५० वर्षांच्या अमेरिकन मोटरहोमला सोडतात. युरोपात हे असं का?

इन्स्टाग्रामवर एक रील हमखास दिसतं. आल्प्सचा घाट, मागे बर्फाचे डोंगर आणि वळणावरून येणारी एक लांबलचक, गोलसर, सत्तरच्या दशकातली अमेरिकन मोटरहोम. आत लाकडी कपाटं, छोटंसं स्वयंपाकघर, पलंग. खाली कमेंट ठरलेली, "आयुष्य असावं तर असं!"

रील तीस सेकंदांत संपतं. पण ती गाडी त्या घाटापर्यंत पोहोचवायला मालकाने काय केलेलं असतं, ते त्यात दिसत नाही. अमेरिकेत बनलेली, अर्धशतक जुनी गाडी युरोपात रस्त्यावर ठेवायची म्हणजे नुसतं रंगकाम आणि इंजिनदुरुस्ती नाही. लायसन्स, आयात कर, दिव्यांचा रंग, गॅसचा दाब आणि विजेचा प्लग, सगळ्याशी झगडावं लागतं. त्यात युरोपियन युनियनने लायसन्सचे आणि वाहन तपासणीचे नियम बदलायला घेतलेत.

एक खरं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

गाडी कोणती?

जनरल मोटर्सची 'जीएमसी मोटरहोम'. १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत ती बनली. एकूण १२,९२१ गाड्या तयार झाल्या आणि मग उत्पादन कायमचं बंद झालं. लांबी २३ किंवा २६ फूट. १९८१ च्या 'स्ट्राइप्स' या हॉलिवूडपटात लष्करी गाडी म्हणून जी दिसते, ती हीच.

त्या काळातल्या बहुतेक मोटरहोम म्हणजे ट्रकच्या चासीवर ठेवलेली पेटी. जीएमसीचं तसं नव्हतं. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. मागे जाणारा शाफ्ट नाही, त्यामुळे गाडीचा तळ खाली आला. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं आणि त्यांना हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन. बॉडी अॅल्युमिनियम आणि फायबरग्लासची.

इंजिन आधी साडेसात लिटरचं आणि १९७७ पासून ६.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर हे तिचं अॅव्हरेज. मुंबई-पुणे एवढ्या अंतराला ३५ ते ४० लिटर पेट्रोल लागेल. पेट्रोल पावणेदोन युरो लिटर धरलं, तर एका बाजूच्या प्रवासाला ६० ते ७० युरो गेले. अरब देशांनी तेलबंदी केली तो १९७३ चा ऑक्टोबर आणि ही गाडी बाजारात आली ती त्याच सुमारास. टायमिंगच चुकलं!

३० वर्षांची जादूची रेषा

आता मुख्य प्रश्न. एवढं पेट्रोल पिणाऱ्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नावही नसलेल्या गाडीला युरोपातली शहरं आत कशी येऊ देतात?

उत्तर तिच्या वयात आहे. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या वाहन तपासणी कायद्यात 'ऐतिहासिक वाहना'ची व्याख्या दिली आहे. गाडी किमान ३० वर्षांची हवी. ते मॉडेल आता बनत नसावं. आणि ती मूळ रूपात जपलेली असावी, तांत्रिक भागांत मोठे बदल नकोत. या तीन अटी पूर्ण झाल्या, की गाडी 'जुनी' राहत नाही, 'वारसा' होते.

जर्मनीत अशा गाडीला नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. ही पद्धत १९९७ पासून आहे. त्याचे फायदे मोठे आहेत. इंजिन कितीही मोठं असो, वर्षाचा वाहन कर सरसकट १९१.७३ युरो. आणि ज्या शहरांत प्रदूषण नियंत्रण क्षेत्र आहे, तिथे हिरव्या स्टिकरशिवाय प्रवेश.

म्हणजे १९७५ ची साडेसात लिटरची मोटरहोम शहराच्या मध्यात जाऊ शकते. आणि १९९८ चा साधा डिझेल कॅम्पर, जो तिच्या निम्म्याहून कमी इंधन पितो, तो हिरवं स्टिकर नाही म्हणून वेशीवरच थांबतो. त्याला अजून ३० वर्षं झालेली नाहीत ना!

ऐकायला हा अन्याय वाटतो. त्यामागचा सरकारचा हिशोब असा की ऐतिहासिक गाड्या मोजक्या असतात आणि त्या रोज धावत नाहीत, त्यामुळे शहराच्या हवेवर त्यांचा परिणाम कमी. कारच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी पटतं. रविवारी बाहेर काढायची, पुन्हा झाकून ठेवायची. मोटरहोमचं मात्र तसं नसतं. ती घेतातच मुळी लांब फिरायला. दोन-तीन हजार किलोमीटरची एक सुट्टी झाली, की 'क्वचित वापर' हा मुद्दा ढिला पडतो.

मूळ रूपात ठेवा, पण बदलासुद्धा!

'एच' प्लेट वय बघून आपोआप मिळत नाही. तज्ज्ञ गाडी तपासतो. गाडी चांगल्या स्थितीत आणि मूळ रूपात हवी. बदल केले असतील, तर ते त्या काळात होत असत तसेच हवेत. मोटरहोमच्या आतली रचनाही त्या काळाशी जुळावी लागते. चकचकीत नवं स्वयंपाकघर बसवलं, तर रील छान होईल, पण तपासणीत प्रश्न येऊ शकतो.

दुसऱ्या बाजूने तोच कायदा काही गोष्टी बदलायलाही लावतो.

दिवे बघा. अमेरिकन गाड्यांचे मागचे इंडिकेटर बहुधा लाल असतात. युरोपात ते पिवळसर नारिंगी लागतात. पुढच्या दिव्यांचा झोतही युरोपच्या मानकाप्रमाणे हवा.

वीज बघा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, युरोपात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, पण हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे जुन्या एसीची मोटर हळू फिरते आणि जास्त तापते. म्हणून बरेच मालक २३० व्होल्टचं वेगळं वायरिंग करून घेतात. त्यातल्या त्यात बरं म्हणजे आतले दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, तिथे अमेरिका-युरोप असा भेद नाही.

गॅस बघा. अमेरिकन शेगडी आणि फ्रिज साधारण २७ मिलिबार दाबावर चालतात, युरोपात ३० मिलिबार प्रचलित आहे. टाकीची जोडणीही वेगळी. रेग्युलेटर, नळ्या आणि प्रसंगी अख्खी शेगडी बदलावी लागते. आणि इथे जुगाड नको. ज्या डब्यात माणसं झोपतात, त्या डब्यातल्या गॅसशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ.

थोडक्यात, मालकाला एकाच वेळी दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक म्हणते बदलू नका. दुसरी म्हणते बदलल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. शहाणा मालक यातून एक वाट काढतो. डोळ्यांना दिसतं ते जुनं ठेवायचं आणि भिंतीमागे, फरशीखाली सुरक्षेसाठी लागेल ते नवं घालायचं. हो, प्रत्येक बदलाआधी तपासणी करणाऱ्याला विचारायचं आणि कागद जपून ठेवायचा.

कागद किती महत्त्वाचा?

तो पैशांत मोजता येतो. समजा गाडी आणि जहाजाचं भाडं मिळून ३०,००० युरो झाले. साधी गाडी म्हणून जर्मनीत आणली, तर १० टक्के आयात कर म्हणजे ३,००० युरो. त्या ३३,००० वर १९ टक्के व्हॅट म्हणजे ६,२७० युरो. एकूण ९,२७० युरो.

तीच गाडी 'संग्रहणीय ऐतिहासिक वस्तू' म्हणून मान्य झाली, तर आयात कर शून्य आणि व्हॅट ७ टक्के, म्हणजे फक्त २,१०० युरो. फरक ७,१७० युरोंचा! अमेरिका-युरोप व्यापार समझोत्यात आयात कराचं काहीही झालं, तरी १९ आणि ७ मधला फरक उरतोच.

मात्र त्यासाठीही गाडी मूळ रूपात असावी लागते. अमेरिकेत कुणी हौसेने तिचं इंजिन बदलून टाकलं असेल, तर इथे बंदरावर भांडण होऊ शकतं. म्हणून जाणकार मालक आधी फाइल बघतो, मग रंग बघतो.

चालवणार कोण?

हा मुद्दा रीलमध्ये कधीच नसतो. युरोपात कारचं साधं लायसन्स ३.५ टनांपर्यंत चालतं. जीएमसी मोटरहोमचं भरलेलं वजन पाच टनांच्या आसपास. म्हणजे सी-वन हे वेगळं लायसन्स हवं. आपल्याकडे हलक्या वाहनाच्या लायसन्सची मर्यादा ७,५०० किलो आहे, त्यामुळे ही अडचण आपल्या चटकन लक्षात येत नाही.

जर्मनीत १९९९ च्या आधी लायसन्स काढलेल्यांना ७.५ टनांपर्यंत चालवायची मुभा आहे. ब्रिटनमध्ये १९९७ च्या आधी परीक्षा पास झालेल्यांनाही तशीच सवलत आहे. परिणाम काय? एकाच घरात वडील ती गाडी चालवू शकतात आणि मुलाला आधी नवी परीक्षा द्यावी लागते. गाडी वारशात मिळते, लायसन्स मिळत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन संसदेने लायसन्सचे नवे नियम मंजूर केले. त्यात साध्या लायसन्सवर ४.२५ टनांपर्यंतची मोटरहोम चालवण्याची वाट मोकळी झाली, पण प्रशिक्षण किंवा परीक्षेच्या अटीवर. देशांना कायदे बदलायला तीन वर्षं आणि वर तयारीसाठी एक वर्ष. बॅटरीमुळे आणि सुरक्षा उपकरणांमुळे जड झालेल्या नव्या कॅम्परना याचा फायदा होईल. पाच टनी अमेरिकन म्हातारी मात्र रेषेच्या बाहेरच राहिली.

३.५ टनांच्या वर गेलं, की आणखी कटकटी येतात. ऑस्ट्रियात स्टिकरऐवजी किलोमीटरप्रमाणे टोल मोजणारं यंत्र बसवावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये जड वाहनांचं वेगळं शुल्क लागतं. जर्मनीच्या ऑटोबानवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते.

रोजची देखभाल: रबर आधी जातं, लोखंड नंतर

नियम सांभाळले, तरी गाडी सांभाळायची राहतेच. इंजिनाची चिंता त्यामानाने कमी. जनरल मोटर्सने १९७१ पासूनच आपली इंजिनं कमी शिशाच्या पेट्रोलवर चालतील अशी केली होती, त्यामुळे आजचं शिसेमुक्त पेट्रोल तिला चालतं.

दुखणं आहे ते इथेनॉलचं. ई-१० पेट्रोलमध्ये जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात. नळी गळाली आणि खाली तापलेलं इंजिन असेल, तर आग. काही नळ्या टाकीच्या डोक्यावर आहेत, त्या बदलायला टाकी खाली उतरवावी लागते. काम कंटाळवाणं आहे, पण गाडी घेतल्यावर आधी हेच करायचं. पडदे नंतर.

मग मागच्या सस्पेन्शनचे हवेचे फुगे, छताचे सांधे, खिडक्यांची रबरं, ब्रेकच्या नळ्या. सगळीकडे शत्रू तोच, वय. टायरची मात्र गंमत आहे. मूळ साडेसोळा इंची चाकांना आता टायर मिळणं मुश्किल. म्हणून बरेच मालक १६ इंची चाकं बसवतात. त्यांना लागणाऱ्या २२५/७५ मापाचे टायर युरोपातल्या आजच्या कॅम्पर व्हॅनसाठीही विकले जातात. मापाबरोबर भारक्षमता जुळवली आणि बदल कागदावर नोंदवला, की एक डोकेदुखी कमी.

सुटे भाग अमेरिकेतून मागवावे लागतात. तिथल्या मालकांच्या संघटनांनी आणि छोट्या कारखान्यांनी ते बनवणं चालू ठेवलंय, म्हणून ही गाडी उत्पादन बंद होऊनही जिवंत आहे. पण नट-बोल्ट इंचात. गावातल्या मेकॅनिककडे पाने मिलिमीटरचे. आणि कार्बोरेटर कानाने लावणारा मेकॅनिक निवृत्त होत चाललाय.

पुढे काय?

एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने दहा वर्षांवरील कार आणि व्हॅनची तपासणी दोन वर्षांऐवजी दरवर्षी करायचा प्रस्ताव मांडला. ऐतिहासिक वाहनांना तपासणीत सूट द्यायची की नाही, हे आज प्रत्येक देश ठरवतो. म्हणजे दाब वाढतोय तो मधल्या वयाच्या, दहा ते तीस वर्षांच्या गाड्यांवर. त्यातल्या बऱ्याच गाड्या साध्या माणसांच्या आहेत, रोजच्या वापरातल्या आहेत. आणि त्या तिशी गाठायच्या आधीच मोडीत निघाल्या, तर उद्याचा 'वारसा' येणार कुठून?

सत्तरच्या दशकातली मोटरहोम वाचली, कारण कुणीतरी ती कवडीमोल असतानाच्या काळात गोठ्यात, शेडमध्ये झाकून ठेवली. तेव्हा तिला 'एच' प्लेट नव्हती, कौतुक नव्हतं, लाइक्स तर नव्हतेच. कायदा तिसाव्या वर्षी गाडीला मान देतो. पण तोपर्यंतची वर्षं तिला कुणीतरी सांभाळावं लागतं, स्वतःच्या खर्चाने आणि नियमांच्या विरुद्ध पोहत.

पुढच्या वेळी ते आल्प्सचं रील दिसलं, की बर्फाकडे नंतर बघा. आधी मागच्या इंडिकेटरचा रंग बघा. तो नारिंगी असेल, तर समजा, कुणीतरी बरीच खटपट केली आहे.