न शिकता मिळालेली गादी

कथाप्रधान संगणक-खेळांना पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्या खेळात तरुण मंडळी शेकडो तास रमतात, तो खेळ अधिकाराविषयी त्यांच्या मनावर काय ठसवितो, हे पाहणे अगत्याचे आहे. म्हणूनच अमेरिकेतील बेथेस्डा संस्थेने २०११ साली काढलेल्या ‘स्कायरिम’विषयी आमची तक्रार आहे.

त्या खेळात विंटरहोल्ड येथे मंत्रविद्येचे एक महाविद्यालय आहे. पुलाच्या तोंडाशी एक अध्यापिका नवागताला एखादा मंत्र करून दाखविण्यास सांगते. तो येत नसेल तर तीच तो ३० मोहरांना विकते! मग ढालीच्या मंत्राचा एक पाठ होतो, काही भुयारे पालथी घातली जातात, कुलपती मारला जातो, आणि खेळाडू एका दिव्य दंडाच्या बळावर शत्रूला जिंकतो. लागलीच तोल्फदिर हा वृद्ध अध्यापक, ज्याने पहिला पाठ दिला तोच, कालच्या शिष्याला कुलपतिपद बहाल करतो. वस्त्रे आली, दालन आले. सारा काळ तलवार चालविण्यात घालविलेला गडी मंत्रविद्येचा मुख्याचार्य! एकच संथा झाली आणि घनपाठी म्हणून शालजोडी अंगावर पडली, असाच हा प्रकार. वर मौज अशी की, या कुलपतीला स्वतःच्याच अध्यापकांकडून काही शिकावयाचे झाल्यास रोख पैसे मोजावे लागतात.

याच संस्थेच्या २००२ सालच्या ‘मोरोविंड’मध्ये असे नव्हते. तेथे कामे कितीही उरका. संघाला मान्य असलेल्या विद्या व गुण ठरल्या मापाला पोचल्यावाचून वरची पायरी मिळत नसे. मंत्रसंघाच्या सर्वोच्च पदासाठी एका विद्येत १०० पैकी ९० ची मजल गाठावी लागे. (तेथील गादीवरचा ट्रेबोनियस मूर्खच होता, पण खेळकर्ते त्याला हसत होते, त्याची आरती ओवाळीत नव्हते.) पुढे २०१५ च्या ‘फॉलआउट ४’ मध्ये तर एका वस्तीचे काम होताच प्रेस्टन गार्वी नवख्याला सेनापती करतो, आणि मग त्या सेनापतीलाच एका वस्तीकडून दुसरीकडे पिटाळीत राहतो!

खेळकर्त्यांचे कैवारी म्हणतील, तलवारबहाद्दरालाही कथा शेवटापर्यंत पाहावयास मिळावी. अवश्य मिळावी. त्याने संकट निवारले, त्याचा सत्कार करा, बिदागी द्या, दंडही देऊन टाका. परंतु संकट निवारणे निराळे आणि विद्यापीठ चालविणे निराळे. जेथे कोणीही अडवीत नाही त्या दारातून आत गेल्याचा आनंद तो कसला? गादी रिकामी पडली, तेव्हा आयुष्यभर शिकविणारा तोल्फदिर समोरच उभा होता. त्याला तिच्यावर बसवून खेळाडूला शिष्यांच्या रांगेत ठेवावयास खेळकर्त्यांना कितीसा खर्च आला असता?