हुतात्मा दिनाचा अर्थ हरवला आहे काय?



दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे मौन पाळले जाते. जेथे सोय असते तेथे आधी भोंगा वाजतो आणि कामे थांबतात. दोन मिनिटे सरतात, पुन्हा भोंगा वाजतो आणि अर्धवट राहिलेली फाईल जिथल्या तिथून पुढे सुरू होते. आपल्यापैकी जे कचेरीत, कारखान्यात किंवा शाळेत नोकरी करून शिकत आहेत, त्यांनी हा अनुभव घेतला असेल. त्या दोन मिनिटांत आपल्या मनात नेमके काय होते, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो. म्हणूनच अनेकजण म्हणतात की, या दिवसाचा अर्थ आता उरलेला नाही. उरला आहे तो केवळ उपचार. हे मत तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम दिवसाच्या नावाकडे पाहू. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. हिंदीत याच दिवसाला ‘शहीद दिवस’ म्हणतात. ‘शहीद’ हा शब्द अरबीतून आला असून त्याच्या मुळाशी ‘साक्ष’ ही कल्पना आहे. एका शब्दात अर्पण आहे, तर दुसऱ्यात साक्ष. स्मरणाच्या दिवसाला या दोन्ही गोष्टी लागतात: कोणी काय अर्पण केले हे ठाऊक असणे, आणि त्याची साक्ष देणारे कोणीतरी मागे असणे.

हुतात्मा दिन स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणाऱ्या सर्वांच्या स्मृतीसाठी पाळला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु हीच तारीख का निवडली, हे त्या व्यापक शब्दांआड झाकले जाते. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्च १९३१ रोजी परक्या सत्तेने फाशी दिले. ३० जानेवारी १९४८ ची गोष्ट निराळी आहे. त्या दिवशी देश स्वतंत्र होता. गांधीजींनी १३ ते १८ जानेवारी या काळात दिल्लीत जातीय सलोख्यासाठी उपोषण केले होते. २० तारखेला त्यांच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला, तरी त्यांनी सभा थांबवली नाही. ३० तारखेच्या सायंकाळी बिर्ला भवनात प्रार्थनेला जात असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या झाडणारा याच देशाचा नागरिक होता. परक्याने मारलेल्या माणसाचे स्मरण करताना आपण अभिमान बाळगतो; आपल्यातल्याच एकाने मारलेल्या माणसाचे स्मरण करताना आपल्याला आत पाहावे लागते. हा दिवस अवघड आहे तो यामुळे, आणि तो गुळगुळीत करण्याचा मोहही याचमुळे होतो.

मराठीच्या विद्यार्थ्यांना तर ही गोष्ट दूरच्या दिल्लीची म्हणून सोडून देता येणार नाही. मारेकरी पुण्यात मराठी वृत्तपत्र चालवणारा संपादक होता. हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्या माणसाने आयुष्यभर सूडाला विरोध केला, त्याच्याच नावाने सूड उगवला गेला. त्या दिवसांचे चित्र व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीत आहे. याच काळात साने गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. ज्या भाषेतून द्वेष छापला गेला, त्याच भाषेतून त्याचे प्रायश्चित्तही मागितले गेले. दोन्ही वारसे आपले आहेत. त्यांतला एकच तेवढा सांगणे म्हणजे अर्धी साक्ष देणे होय.

यावर कोणी म्हणेल, उपचार तरी टिकून आहे, हे काय थोडे झाले? या म्हणण्यात तथ्य आहे. २ ऑक्टोबरला सुटी असते. ३० जानेवारीला नसते. चालू काम थांबवून उभे राहणे हे घरी बसून विश्रांती घेण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. रिकामे भांडेदेखील जपून ठेवले तर कधीतरी त्यात पाणी भरता येते. भांडेच फोडले तर तीही शक्यता संपते. म्हणून हे मौन बंद करावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही.

तथापि भांडे आपोआप भरत नाही. आपल्याकडे श्राद्धाच्या वेळी तर्पण करताना नाव आणि गोत्र उच्चारून तीन पिढ्यांचे स्मरण करतात. कोणाला पाणी द्यायचे हे उच्चारल्याशिवाय ते दिले जात नाही. आपल्या दोन मिनिटांत मात्र पुष्कळदा ना नाव असते, ना घटना. स्वतः गांधीजी सोमवारी मौन पाळत. पण त्या दिवशी ते चिठ्ठ्या लिहून कामाचे बोलत. त्यांचे मौन विचारशून्य नव्हते. मौनाला अर्थ येतो तो त्याच्या आधी व नंतर जे बोलले जाते त्याने. अर्थ हरवला असेल, तर तो दिवसाने हरवलेला नाही. मौनाच्या अलीकडे-पलीकडे बोलणे आपण सोडले आहे.

येथे वेळेचाही प्रश्न आहे. १९४८ साली दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. ती बातमी गावात कशी पोहोचली, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाचे घर जळाले, कोणी कोणाला आसरा दिला, हे सांगणारी माणसे थोडीच उरली आहेत. त्यांच्यानंतर हा दिवस केवळ परिपत्रकांच्या आधाराने उभा राहील.

आपण प्रौढ विद्यार्थी आहात. आपल्या घरात, गल्लीत, गावात अशी माणसे असण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक आहे. येत्या ३० जानेवारीपूर्वी त्यांच्यापैकी एकाजवळ बसा, विचारा आणि ऐकलेले त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. मग ११ वाजता उभे राहाल, तेव्हा मनात एक नाव, एक गाव आणि एक प्रश्न असेल. स्मरणाला तेवढे पुरेसे आहे.