शिळे घरचे असले तरी वाटणी सारखी हवी



आमच्या घरी सकाळी सातच्या आत डबे भरावे लागतात. यजमान अंबडच्या कारखान्यात, मी कचेरीत कारकून, मुलगी कॉलेजात. रात्रीच्या दोन भाकरी आणि वाटीभर भात बहुतेक रोज उरतो. नवीन लग्न झाले तेव्हाही तसेच उरायचे. एका सकाळी मी त्या भाकरी कुस्करल्या, कांदा-मिरचीची फोडणी दिली आणि सासूबाईंपुढे ताटली ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली. म्हणाल्या, “पोरी, तुकडे नको मला. ते लहानपणी लई खाल्ले.”

मला वाईट वाटले. दुपारी त्यांनीच सगळे सांगितले. निफाड तालुक्यातल्या त्यांच्या गावी येसकरकीची पाळी आली की वडील काठी आणि घोंगडी घेऊन दारोदार भाकर मागायला जात. हात लागू नये म्हणून लोक तुकडा वरूनच टाकत. ज्वारीचे, बाजरीचे, कालचे, परवाचे, सारे एका घोंगडीत पडत. उरलेले तुकडे आई उन्हात वाळवून ठेवी आणि पावसाळ्यात तिखट-मिठाच्या पाण्यात शिजवी.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि असे मागून आणलेले तुकडे सोडायला सांगितले. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतन रद्द झाले. हा इतिहास ज्यांच्या जिभेवर अजून आहे, त्यांना शिळ्याचा राग येणारच. आपल्या कितीतरी घरांत म्हणूनच सकाळी शिळी भाकर मुकाट्याने फेकली जाते.

पण जरा विचार करा. तुकड्यातला अपमान शिळेपणात होता का? एकाने ताजे खायचे आणि उरलेले दुसऱ्याच्या अंगावर टाकायचे, यात तो अपमान होता. आपल्या कष्टाच्या पैशातून आणलेल्या पिठाची, आपल्याच चुलीवर भाजलेली भाकरी म्हणजे भीक नव्हे.

आता खरा प्रश्न. जिथे शिळे फेकत नाहीत, तिथे ते खाते कोण? घरधन्याला ताजे, मुलाला ताजे आणि शिळे सुनेच्या ताटात. तीही म्हणते, “मला चालते.” गावाने आपल्याला जे केले, तेच आपण घरात एका बाईला करत नाही ना? म्हणून माझा नियम असा : शिळे उरले तर त्याचा नवा पदार्थ करायचा आणि तो सगळ्यांच्या ताटात वाढायचा.

हिशेबही पाहा. दोन भाकरींना साधारण दीडशे ग्रॅम पीठ लागते. रोज फेकल्या तर महिन्याला साडेचार किलो आणि वर्षाला ५४ किलो पीठ कचऱ्यात जाते.

काय करता येईल?

भाकरीचा कुस्करा : भाकरी बारीक कुस्करून ताकाचा हबका मारावा. मोहरी, जिरे, लसूण, कांदा, शेंगदाणे यांची फोडणी द्यावी. हळद, तिखट, मीठ घालून झाकण ठेवावे व चांगली वाफ आणावी.

वरणफळे : उरलेले वरण पाणी घालून उकळावे. कणकेत तिखट, मीठ, ओवा घालून पोळी लाटावी, शंकरपाळ्यासारखे काप करून वरणात सोडावेत. चौघांचे जेवण होते.

भाताचे थालीपीठ : भात कुस्करून त्यात बेसन, ज्वारीचे पीठ, कांदा, कोथिंबीर, तीळ घालून मळावे आणि तव्यावर थापावे.

पोळीचे लाडू : पोळ्या बारीक करून गूळ-तूप घालावे. मुलांच्या डब्याला चांगले.

भाताबाबत मात्र सावध राहा. त्यात असे काही जंतू असतात की त्यांची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही, उलट्या-जुलाब होतात. म्हणून उरलेला भात परातीत पसरून निववावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला गरम करून संपवावा. फ्रिज नसेल तर भात मोजूनच लावावा. वरण, उसळही बाहेर ठेवू नये. ज्वारी-बाजरीची कोरडी भाकरी सकाळपर्यंत चांगली राहते, पण बुरशी दिसली तर ती भाकरी पूर्ण टाकावी.

१४ एप्रिलच्या भोजनदानातही हेच लक्षात ठेवा. उरलेले द्यायचे तर त्याच दिवशी, गरम असताना, पंगतीला बसवून द्या. दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून कोणाच्या हातावर टेकवू नका.

सासूबाईंचे सांगायचे राहिले. पुढच्या रविवारी मी पुन्हा कुस्करा केला आणि यजमानांसकट सर्वांना वाढला. सासूबाईंनी एकेक ताट पाहिले. मग म्हणाल्या, “सगळेच खाताय ना? मग मलाबी दे.”

भगिनींनो, उद्या सकाळी तुम्हीही आधी सगळी ताटे मांडा, मगच वाढा.